दादाचं पाणी

१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडून सगळा जिना गोळा करायचा, आणि तुम्ही मात्र काहीही विचारलं तरी "हो हो, बरी आहे" म्हणायचं. मागच्या खेपेला मी विचारलं, कानाचं यंत्र का लावत नाही, तर तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवले." तेव्हाच मी कानाला खडा लावला. आता पत्रच. जलशुद्धीकरण केंद्रातल्या पंपांनी तुमचे कान खाल्ले आणि त्याची शिक्षा माझ्या बोटांना.

विषय तुमच्या दादांच्या काचेच्या टाकीचा आहे. हे जाऊन चार महिने झाले. कपडे देऊन टाकले, भूगोलाची पुस्तकं आणि नकाशे शाळेला दिले. ही खाऱ्या पाण्याची टाकी मात्र माझ्या शिलाईच्या खोलीत, मशीनला खेटून, होती तिथंच आहे. मी तिला सवत म्हणायचे, तुम्हाला माहीतच आहे. हे शाळेत शिकवून घरी आले की चपला काढायच्या आधी तिच्यापाशी! माझ्या अंगावरचा नवीन ब्लाउज ह्यांना कधी दिसला नाही, पण तिच्यातला एक खेकडा जागा बदलून बसला की लगेच दिसायचा. पंधरा वर्षं मी तिला पाण्यात पाहिलं, आणि आता तीच माझ्या गळ्यात.

तिच्यातलं ते मोठं प्रवाळ तुम्ही पाहिलंय. हातोडी. ह्यांनी आणलं तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा होता, आता माझ्या मशीनच्या चाकापेक्षा मोठं झालंय. खाली दगडी फांद्या, वर मऊ मऊ हातोड्यांसारखी टोकं, दिवसभर डोलत असतात. मी पाय मारता मारता मान वर केली की तीच दिसते. खरं सांगू का वन्सं, ह्या घरात ह्यांचं जे जे आहे ते होतं तेवढंच राहिलंय. ही एकच अजून वाढते. ती गेली तर दुसऱ्यांदा ते सगळं सोसायचं बळ माझ्यात नाही.

आता अडचण. हातोडीचा सांगाडा कॅल्शियमचा, आणि ते ती पाण्यातून घेते. आजारी पडल्यावर ह्यांनी मला मोजायला शिकवलं होतं. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, चिमूटभर पूड टाकायची, की ते गुलाबी होतं. मग औषधाचा थेंब थेंब सोडायचा, निळं होईपर्यंत. किती थेंब लागले त्यावरून आकडा. महिन्यापूर्वी चारशे चाळीस होता, मग तीस, आज चारशे वीस. हसू नका, तोच आलाय. सारखा उतरतोय. हे म्हणायचे, "चारशेच्या खाली नको," पण त्यापुढं काय करायचं ते सांगायचं राहून गेलं. मोजायच्या औषधांच्या डबीतला माहितीचा कागद केव्हाच भिजून विरघळला. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. माझा जीव टांगणीला लागलाय, सांगा काय करू.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. गुलाबीचा निळा! अगं, नोकरीभर मी तेच केलं. आमच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली लांब ओटा होता, त्यावर सकाळपासून बाटल्या मांडलेल्या, आणि मी थेंब मोजत उभी. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मला स्वप्नातसुद्धा निळा रंग दिसायचा.

गंमत बघ. आमच्याकडे कॅल्शियम म्हणजे शत्रू. लोकांच्या किटलीत बसतं, नळात बसतं, गीझर बंद पाडतं. माझा सगळा जन्म ते पाण्यातून काढण्यात गेला, आणि आता तू विचारतेस, घालू किती.

तर ऐक. चारशे वीस फार म्हणजे फारच कमी आहे. मी माझे जुने तक्ते काढून पाहिले, समुद्राच्या पाण्यात हजाराच्या आसपास असतं. निम्म्याहूनही कमी! दादा "चारशेच्या खाली नको" म्हणायचा हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. रसायनशास्त्र आणि दादा ह्यांचं पहिल्यापासून वाकडं. शाळेत त्याची प्रयोगवही मी लिहून द्यायचे, मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान! बिचारीला इतकी वर्षं अर्धपोटी ठेवलंन् त्यानं. तरीही ती वाढली म्हणजे भलतीच चिवट असली पाहिजे.

सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय तसं कॅल्शियम क्लोराइडची पूड रोज घालत जा, आणि तेवढाच धुण्याचा शुद्ध सोडा, कारण सांगाड्याला दोन्ही लागतं. वेगवेगळ्या भांड्यांत विरघळव. दोनेक आठवड्यांत आपण तिला हजारापर्यंत नेऊ.

एक बोलू? राहवत नाही म्हणून बोलते. दादानं पंधरा वर्षं ती टाकी सांभाळली. मी पाण्यावर आयुष्य काढलेली बाई, त्याची सख्खी बहीण. एकदाही त्यानं मला विचारलं नाही. मी आले की टाकी दाखवायचा, माशांची नावं सांगायचा, आणि पाण्याचा विषय काढला की चहा टाकायला उठायचा. मला फार लागायचं ते. तू विचारलंस, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तुझी नणंद


४ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचा खुराक सुरू केलाय. ती पूड पाण्यात टाकल्याबरोबर भांडं हाताला गरम लागलं, मी दचकून खालीच ठेवलं! आधी सांगायचं होतंत ना. आकडा मात्र खरंच चढतोय. उतरायचा थांबला, ह्यानंच माझी झोप परत आली.

हातोडीची टोकं जराशी आत ओढल्यासारखी वाटतात. की माझेच डोळे? सध्या शाळेच्या गणवेशांचं मोठं काम घेतलंय, सगळीकडे निळं कापड. दिवसभर तेच बघून मला काहीही दिसत असेल.

प्रयोगवहीची गोष्ट मला ह्यांनी कधीच सांगितली नव्हती. लबाड कुठले.

तुमची वहिनी


१० मार्च

प्रिय वहिनी,

अर्धपोटी माणसाला एकदम पंगतीला बसवलं तर त्याचंही पोट जरा कुरकुरतं. काळजी करू नकोस आणि मध्येच थांबू तर मुळीच नकोस. आकडा चढतोय ना, मग झालं. हजार गाठला की रोजचं प्रमाण कमी करू.

माझं कसं आहे, मी आता रोज सकाळी उठल्यावर तुझ्या टाकीचा विचार करते. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांना मी परवा तासभर प्रवाळांवर भाषण दिलं. ते बिचारे दूध आणायला निघाले होते.

तुझी नणंद


२९ मार्च

प्रिय वन्सं,

सगळं ठीक आहे. गणवेशांचं काम संपत नाही, म्हणून चार ओळीच. तब्येतीला जपा.

तुमची वहिनी


६ एप्रिल

प्रिय वहिनी,

"सगळं ठीक आहे" वाचल्यावर माझे पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहिले होते. मला खात्री होती! पाण्याचं शास्त्र कुठंही एकच असतं, टाकी असो की धरण.

आता मी ठरवलंय. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. दादा गेल्यापासून तुझ्या घरात पाऊल टाकायचा मला धीर होत नव्हता. त्याची रिकामी खुर्ची बघायची कल्पनाच नको वाटायची. पण आता बघायला काहीतरी जिवंत आहे. मी येणार, मशीनशेजारी खुर्ची टाकणार आणि हातोडीपुढं बसून राहणार. दादाला जे जमलं नाही ते त्याच्या बायकोनं आणि बहिणीनं करून दाखवलं, हे त्याला ऐकवणार आहे मी. हसू नकोस.

गाडीचं तिकीट काढू ना?

तुझी नणंद


१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

पुढच्या महिन्यात नको. घराला रंग काढायचा आहे, सगळं सामान इकडचं तिकडे होईल, तुम्हाला वासाचा त्रास होईल. मग बघू केव्हातरी.

तुमची वहिनी


२२ एप्रिल

प्रिय वहिनी,

रंग गेल्या वर्षीच काढलात तुम्ही. दादानं फोन करून मला रंगाचं नाव तीनदा सांगितलं होतं आणि मला तीनदा ऐकू आलं नव्हतं.

मी यायला नको असेन तर सरळ नको म्हण, मला राग नाही. खोटं बोललीस तेव्हा मात्र खरंच वाईट वाटलं. दादा गेला तशी मी परकी झाले का? त्याच्यामुळेच नातं होतं आपलं, तो नाही तर नणंद कुठली आणि वहिनी कुठली, असं असेल तर तेही सांग. मी एकटी बाई आहे, मला सवय आहे. पण टाकीच्या निमित्तानं तू रोज माझ्या डोक्यात असायचीस, आणि मला वाटायला लागलं होतं की मीही तुझ्या असेन.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही.

तुझी नणंद


२८ एप्रिल

वन्सं,

परकी कसल्या होताय! तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा नाही म्हणून तो रंग काढला.

हातोडी गेली. मी मारली तिला.

मार्चच्या मध्यावर झालं. त्या दिवशी सकाळी मोजलं तर साडेसहाशे आलं. तुम्ही हजार म्हणाला होतात, दोन आठवडे होत आले होते, मला वाटलं मी मागे पडले. त्यात गणवेश न्यायला शाळेचा माणूस दारात उभा. मी घाईघाईत दोन्ही भांडी उचलली आणि एकापाठोपाठ एक, टाकीच्या त्याच कोपऱ्यात ओतली. बघता बघता पाणी पांढरं झालं. वन्सं, कोणी खडूचं फडकं झटकावं तसं! मासे दिसेनात, हातोडी दिसेना, मागची भिंत दिसेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शाळेचा माणूस म्हणाला, "बाई, अठ्ठावीस नंबरचे शर्ट कुठं आहेत?" आणि मी बादली आणायला धावले.

बादल्यांनी पाणी उपसलं, मीठ कालवून नवीन भरलं. पंपावर किटलीच्या बुडाशी बसतो तसा पांढरा थर चढून तो बंदच पडला होता, तो खरवडून सुरू केला. एक मासा वाचला. पुढच्या दिवसांत हातोडीचं मऊ अंग फांद्यांवरून सुटून सुटून पडायला लागलं, आणि खाली नुसतं दगडाचं झाड उरलं. मी रोज सकाळी गाळणीनं ते गोळा करत होते. कोणाला सांगणार? ज्यांना सांगायचं ते नाहीत, आणि तुम्ही तिकडे खुशीत.

तुम्ही इतकं नीट लिहून दिलं होतंत. घाईत माझ्याच हातून वाटोळं झालं. टाकीवर मी चादर टाकून ठेवलीय. तुम्ही येऊन चादर बघण्यापेक्षा न आलेलं बरं, एवढंच माझ्या मनात होतं.

तुमची वहिनी


५ मे

वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

तू लिहिलंस, सकाळी साडेसहाशे आलं. ते वाचून मी आधी तुझ्यावरच चिडले, की एवढी पूड घालून आकडा एवढाच कसा चढेल, हिनं वजनात गडबड केली असणार. मग कागद घेऊन बसले. तुझी टाकी केवढी, पूड किती, दिवस किती. माझ्या हिशोबानं आकडा पाचशे ऐंशीनं चढायला हवा होता. तुझा दोनशे तीसनं चढला. भागून बघितलं. अडीच. मी पेन खाली ठेवलं.

आमच्या खात्यात पाण्याचं कॅल्शियम कधीच नुसतं कॅल्शियम म्हणून लिहीत नाहीत. ते चुनखडीच्या रूपात लिहितात, म्हणजे एवढ्या कॅल्शियमची चुनखडी झाली असती तर तिचं वजन किती भरलं असतं, तो आकडा. तो खऱ्या कॅल्शियमच्या अडीचपट असतो. मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्या रूपात आकडा वाचलेलाच नाही. तू चारशे वीस लिहिलंस ते खरं कॅल्शियम होतं, आणि मी ते चुनखडी म्हणून वाचलं. समुद्रातलं हजार हे चुनखडीचं. खऱ्या कॅल्शियमचं विचारशील तर समुद्रात चारशेच्या जरा वर असतं.

चारशेच्या खाली नको. दादाचं पाणी अगदी बरोबर होतं.

आणि आकडा उतरत होता तो आजारानं नव्हता. हातोडी जेवत होती म्हणून उतरत होता. फांद्या वाढवायच्या तर ती पाण्यातलं कॅल्शियम घेणारच. जेवढं खाल्लं तेवढं चिमटीनं परत घालायचं, एवढंच काम होतं. धडधाकट जीव होता तो. मी त्याला औषध दिलं.

त्या दिवशी तू दोन्ही भांडी सावकाश, लांब लांब ओतली असतीस तरी आज ना उद्या ते पाणी फाटणारच होतं, इतकं मी त्यात कोंबायला लावलं होतं. तुझ्या घाईचा दोष नाही. तू एक ओळ विचारायला हवी होतीस असंही नाही, विचारायची ओळ माझी होती: "कोणत्या रूपात?" नोकरीला लागलेल्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. तुला मी विचारलं नाही, कारण मला इतका आनंद झाला होता.

तुझी नणंद


९ मे

अडीच!

काय लिहू तुला? माझ्या टेपच्या एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. त्यांच्यातसुद्धा अडीचचाच फरक आहे. गिऱ्हाईकानं आकडा सांगितला की कात्री उचलायच्या आधी मी विचारते, कुठल्या बाजूचा? इतकी वर्षं झाली, एकदाही विचारायचं राहिलं नाही, कारण कापड कापलं की कापलं. आणि तू, एवढी शिकलेली, एवढं मोठं खातं सांभाळलेली, तू न विचारता कात्री चालवलीस. दीड महिना मी स्वतःला खुनी समजत होते. टाकीवर चादर टाकून, तिच्याकडे पाठ करून मशीन मारत होते. मशीन फिरवून घेतलं मी, माहीत आहे? उजेड पाठीमागून येतो, सुईत दोरा दिसत नाही.

वर त्यांना नावं ठेवलीस. बिचारीला अर्धपोटी ठेवलंन्! माणूस जाऊन जेमतेम चार महिने झाले होते, तर तुझी आपली प्रयोगवही.

तुला त्यांनी का नाही विचारलं ते ऐकायचंय? मी सांगणार नव्हते, तुला लागेल म्हणून. एकदा मीच म्हटलं होतं त्यांना, की एवढा डोक्याला ताप करून घेता, पुस्तकं धुंडाळता, त्यापेक्षा बहिणीला विचारा, ती दोन मिनिटांत सांगेल. तर म्हणाले, "तेच तर. लहानपणापासून मला जे जे येत नव्हतं ते तिला दोन मिनिटांत यायचं. हे एवढं एक पाणी माझं राहू दे." आणि हसले. रागानं नव्हते म्हणाले. तुझं कौतुकच होतं त्यांना, वर्गात पोरांना तुझ्या धरणाच्या गोष्टी सांगायचे. पण हे एक पाणी त्यांना स्वतःचं हवं होतं. आणि मी ते उचलून तुझ्या हातात दिलं. मला स्वतःचाही तेवढाच राग आलाय.

आता काही लिहू नकोस. मला वेळ दे.


२ जून

प्रिय वहिनी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी एकदाच लिहिते आणि मग गप्प बसते.

तुझं पत्र मी पुष्कळ वेळा वाचलं. दादाचं वाक्य वाचून आधी रडले, मग मला एकेक आठवत गेलं. मी गेले की तो मला माशांची नावं विचारायचा आणि मला आली नाहीत की किती खूश व्हायचा! मला वाटायचं, काय हा पोरकटपणा. त्याला तेवढं मिळू द्यायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. त्यानं मला विचारलं नाही ते बरं केलं. विचारलं असतं तर मी ही टाकी पहिल्याच वर्षी बंद पाडली असती.

तू पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलंस. रागानं का होईना, केलंस. ते आता मागे घेऊ नकोस.

चादर काढ, वहिनी. वाचलेल्या एका माशाला तरी उजेड हवा. ह्यात रसायनशास्त्र काही नाही.

तुझी नणंद


१८ जुलै

प्रिय वन्सं,

चादर काढली. मशीन पुन्हा सरळ केलं. ते त्या माशासाठी, तुझ्या सांगण्यावरून नाही.

दगडाच्या झाडावर हिरवट शेवाळ चढलं होतं, मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासून काढलं. घासताना मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड केलेल्या दोन फांद्यांच्या बेचक्यात काहीतरी तपकिरी दिसलं. नखाएवढं. बोट जवळ नेलं तर आत गेलं. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि मी तशीच उभी. गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे, मला पत्ता नाही.

पण आनंदानं उड्या मारू नकोस. त्यानंतर दर रविवारी मी कॅल्शियम मोजतेय. चारशे तीस. पुन्हा चारशे तीस. परत चारशे तीस. ढिम्म हलत नाही. पूर्वी आकडा उतरला की झोप उडायची, आता उतरत नाही म्हणून उडते. म्हणजे नुसती जीव धरून आहे, जेवत नाही. ताट वाढून ठेवायचं, तासानं बघायचं, तर तसंच्या तसं. शेवटी शेवटी ह्यांचं असंच व्हायचं. तुला माहीत नाही, तू तेव्हा इथं नव्हतीस.

काही करायचं असेल तर सांगू नकोस. नसेल तर तसं सांग.

तुझी वहिनी


२५ जुलै

प्रिय वहिनी,

करायचं काही नाही.

तुझी नणंद


१५ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

इतक्या वर्षांत तुझं एवढं छोटं आणि एवढं शहाणं पत्र मला आलं नव्हतं. ते मी मशीनच्या पेटीत ठेवलंय.

आता ऐक. आज रविवार. सकाळी गिऱ्हाईकं यायच्या आधी मोजायला बसले, सवयीनंच, मनात काही न धरता. गुलाबी झालं. थेंब सोडत गेले. नेहमीपेक्षा आधीच निळं झालं! मला वाटलं, नळी नीट धुतली नसेल. धुतली, पुसली, परत केलं. तोच आकडा. तिसऱ्यांदा केलं. चारशे वीस.

उतरला गं. उतरला! दहानं उतरला. ती जेवली.

मी तिथंच स्टुलावर बसून ढसाढसा रडले. हे गेले तेव्हा माणसं होती, त्यांचं चहापाणी, कोण कुठं झोपणार हे बघण्यात मला रडताच आलं नव्हतं. आज आलं. मासा काचेशी येऊन बघत होता. मग डोळे पुसले, भिंग घेतलं आणि मागच्या फांद्या बघितल्या. नखाएवढं होतं ते आता दोन नखांएवढं आहे, आणि शेजारच्या फांदीवर आणखी एक ठिपका. सरळ अंगानं डोलतायत दोघं.

मग चिमटीत पूड घेतली, भांड्यात विरघळवली आणि प्रवाहापाशी थेंब थेंब सोडली. सोडा संध्याकाळी, दुसऱ्या कोपऱ्यात. किती घालू ते विचारायला हे पत्र नाही. किती ते माझं मी ठरवलं आणि घातलं. हे पाणी आता माझं आहे, वन्सं, आणि त्यात तुला काही येत नाही.

तिकीट काढ आणि ये.

तुझी वहिनी